छत्तीसचा रोल

३ मार्च
फिल्मचा कॅमेरा घेतला. जुना, धातूचा. वय साधारण माझ्याएवढंच. मोबाईलमध्ये अकरा हजार फोटो पडलेत, एकही पुन्हा पाहिलेला नाही. आजपासून तो पोरखेळ बंद. यापुढे मोजके, विचार करून काढलेले. ही म्हणाली, आधी विचार तर सुरू करा. दुर्लक्ष केलं.

५ मार्च, संध्याकाळ
स्टुडिओवाले रोल कसा भरायचा ते दाखवत होते. म्हटलं, कळलं. त्यांनी पुन्हा दाखवायला घेतलं. मी पुन्हा म्हटलं, कळलं. लोक उगाच वेळ घालवतात.

१४ मार्च
रविवारी आईला ऐंशी पूर्ण. मावशी येतेय. सख्ख्या बहिणी, पण आजीच्या शिलाई मशीनवरून नऊ वर्षं अबोला. मुलीने दोघींना फोन करकरून जमवून आणलं. दोघींचा एकत्र असा एकही फोटो नाही. तो माझ्या हातून व्हायचा होता.
जाहीर केलं, त्या दिवशी मोबाईल कुणी काढायचा नाही. मुलगी म्हणाली, बाबा, एखादा तरी असू दे. माझ्यावर विश्वास नाही का, असं विचारलं. गप्प बसली. पटलं असावं.

१८ मार्च, रात्री
मावशी दारातच थांबली. आईने तिच्या हातातली पिशवी घ्यायला हात पुढे केला, आणि ती पिशवी मध्ये धरूनच दोघी रडल्या. मग सोफ्यावर हातात हात घालून बसल्या. सगळं टिपलं. मावशीच्या मुलाने मोबाईल काढला होता, खिशात ठेवायला लावला.
रोल छत्तीसचा, पण आकडा एकेचाळीसपर्यंत गेला. ही म्हणाली, असं कसं? म्हटलं, जुन्या वस्तू दिलदार असतात.

२३ मार्च
रोल कोरा. फिल्मचं टोक पलीकडच्या रिळात अडकलंच नव्हतं. मी फोटो काढत होतो आणि फिल्म डबीतच बसून होती. स्टुडिओवाले म्हणाले, मी दाखवत होतो तुम्हाला. म्हटलं, नीट दाखवलं नाहीत.
घरी सांगितलं, फिल्मला वेळ लागतो. खोटं नाही ते.

२६ मार्च
आईने फोटोची जागा ठरवली. पलंगासमोर. सकाळी उठल्या उठल्या ताई दिसायला हवी म्हणते. खिळा ठोकून दिला. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

२९ मार्च
मावशीचा फोन. तिलाही एक प्रत हवीय. पाठवतो म्हटलं. जेवण गेलं नाही.

१ एप्रिल
आई त्या खिळ्याकडे बघत बसली होती. सांगून टाकलं. रागावेल असं वाटलं होतं. तिने स्वतःच मावशीला फोन लावला. ताई, फोटो काही आले नाहीत, तू परत ये, म्हणाली. माझं नाव घेतलं नाही.

८ एप्रिल
मावशी आली. मुलीने मोबाईलवर फोटो काढला. मिनिटभराचं काम. मी चहा केला.

९ एप्रिल
प्रिंट आणायला मला पाठवलं. स्टुडिओवाले फोटो बघतच राहिले. छान आलाय, कुणी काढला, असं विचारलं. मुलीने, म्हटलं.
बरं झालं, म्हणाले.