मालियापुढे न ठेवलेली बाटली

ऑकलंड, रविवार

लुपे अक्कांना धाकट्या केलेपीचा मान खाली घालून नमस्कार.

मी बरा आहे, जेवण जातं, गुंगी आणणारा कावा पिणं सोडलंय. सालीचं तापा कापड कुटताना तुमची डावी कूस अजून दुखते का?

बहिणीपुढे काढू नये तो शब्द आज लिहितोय, रागवू नका. इथे दर महिन्याला लघवी तपासतात. तुम्ही दिलेल्या किडनीचं काही बिनसलं, तर रक्ताच्या कितीतरी आधी लघवीत कळतं. पण दवाखान्यात बाटल्या घ्यायला बसते आपल्या काकांची मालिया. चुलत असली तरी आपल्या बेटाच्या रीतीने बहीणच. तिच्या हातात ती बाटली कशी देऊ? पाच महिने मी बाटली संडासात ओतली आणि नुसतं रक्त देऊन आलो.

परवा रक्ताच्या तपासणीतही बिघाड दिसला. मी खरं कारण सांगितलं, तर नर्स भडकलीच. "अहो, तिच्यापुढे रोज शंभर बाटल्या येतात! तुमचीच काय सोन्याची?" किडनी अर्धी गेलीय. उरलेली टिकेल का, ते कुणी सांगत नाही.

मालिया रडत होती. म्हणाली, "दादा, दर महिन्याला यादीत तुझ्या नावापुढची जागा रिकामी दिसायची. पण भावाला असलं कसं विचारू?"

तुमचा मर्यादा पाळणारा भाऊ,
केलेपी