निम्म्या शहराचा हिशेब

रविवार, ११ फेब्रुवारी

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र वाचलं आणि तुझे शाळेचे बूट आठवले. नवे बूट घालून तू दुकानभर फेऱ्या मारत होतीस. दुकानदार विचारत होता, "बेबी, चावतोय का कुठे?" तू म्हणालीस, "इथे नाही चावत. पण मी इथे कुठे राहणार आहे?" बिचाऱ्याने माझ्याकडे पाहून कपाळाला हात लावला.

तर या शहरात एकटीने सुखाने राहायला पगार किती हवा, हा तुझा प्रश्न. देऊ केलेल्या पगारात भागेल का, ते तुला महिनाअखेर कळवायचंय. मी कालपासून आकडेमोड करतेय. आधी उत्तर आलं, आरामात भागेल. चहा घेऊन पुन्हा बसले, तर उपाशी झोपायची वेळ. शाळेत नन्सनी त्रैराशिक घोटून घेतलं, पण त्यात सुख कुठल्या रकान्यात मांडायचं ते राहूनच गेलं.

मग चूक सापडली. भाडं, वीज, गॅस, सगळं मी निम्मंच धरलं होतं. इतकी वर्षं इस्पितळातली मेट्रन आणि मी एका घरात राहिलो, अर्धं तिचं, अर्धं माझं. मला या शहराचे निम्मेच भाव ठाऊक. तिला विचारलं असतं. हिशेबाला पक्की होती.

होती, असं लिहून गेले. आता खोडत नाही. मेट्रन थंडीत गेली. आयुष्यभर दुसऱ्यांचा ताप मोजला, स्वतःचा अंगावर काढला. तुझ्या आईला कळवलेलं नाही. ती म्हणेल, "ये इकडे, तिथे कोण आहे आता तुझं?"

मग सगळं दुप्पट केलं. तेही जमेना. दूध एकीला कमी लागतं, दिवा मात्र तेवढाच जळतो. घरमालकीण परवा दारातूनच म्हणाली, "बाई, एकट्या किती ओढणार? महिनाअखेर काय ते सांगा." म्हणजे तुझी मुदत तीच माझी.

तो पगार एकटीला पुरणार नाही, ठमे. माझ्याकडे राहिलीस तर दोघींचं निभेल. पण हे उत्तर तुझ्यासाठी काढलं की माझ्यासाठी, ते मला खरंच कळत नाही. तू माझ्याकडे बघून ठरवू नकोस.

आली नाहीस, तर मी तुझ्या आईकडे जाईन. मग सामान हलवायला तेवढी ये. मेट्रनची आरामखुर्ची खालच्या शिंप्याला दे, त्याची पाठ धरते. शिवणयंत्र घरमालकिणीच्या सुनेला. मागणार नाही, पण तिचा डोळा आहे त्यावर. मेट्रनचं घड्याळ माझ्याजवळच राहू दे.

तिची किल्ली या पाकिटात आहे. यायचं नसेल तर ती घरमालकिणीला परत द्यायची. यायचं असेल, तर दार आधी स्वतःकडे ओढ, मग किल्ली फिरव. मेट्रन नेमकं उलटं करायची आणि मला उठून उघडावं लागायचं.

तुझी,
अजून इथेच असलेली,
मावशी