मागचं नाव पुसू नये

३ फेब्रुवारी
शेलूबाजारात नोकरी लागली! जीपच्या थांब्यासमोर दौलतरावांचं टायपिंगचं दुकान. निघताना आईनं डब्यात भाकर-ठेचा दिला आणि सुकेशनी, अंधाराआधी इंझोरीला ये, असं तीनदा बजावलं. घरात आम्ही दोघीच, तिचा जीव माझ्यात अडकलेला.

दौलतरावांनी एकच नियम सांगितला. मयताच्या पुण्यानुमोदनाच्या कार्डाची फाईल एकच. मागच्या माणसाचं नाव त्यात तसंच राहू द्यायचं, नवं आलं की त्यावरच टाईप करायचं. जागा रिकामी सोडायची नाही. आधीची ऑपरेटर का गेली, ते त्यांनी सांगितलं नाही.

५ फेब्रुवारी
आळशी कारभार नुसता! फाईलमध्ये ‘कालकथित पौर्णिमा, वय २४’ असं कुणाचं तरी नाव पडून होतं. मी पुसलं, तिथं टिंबं टाकली, सेव्ह केली. आता कशी नेटकी दिसते.

९ फेब्रुवारी
आज डबल क्लिक करून तीच फाईल उघडली, तर टिंबांच्या जागी ‘अं’. दौलतरावांना विचारलं. ते म्हणाले, मी कायले हात लावू, मले तर माऊसबी धरता येत नाही. खोडून पुन्हा उघडली. ‘अंज’.
घरी आई खोकत होती.

१० फेब्रुवारी
डबल क्लिकमध्येच खोट असेल म्हणून कंट्रोल आणि ओ दाबून उघडली. ‘अंजना’. हे माझ्या आईचं नाव. अलीकडच्या फायलींच्या यादीतून उघडली, तर पुढं आडनाव. आमचंच.
आईला ताप. एवढ्याश्या तापाले काहून भेऊन राह्यली, म्हणून मलाच हसली.

१२ फेब्रुवारी
राइट क्लिक करून दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडली. ‘राहणार इंझोरी’. नुसती प्रत म्हणून उघडली. ‘वय ५१’. डिलीट केली. यादीत पहिलीच तीच.
कशीही उघडा, ती पुढंच सरकते. मीच सरकवतेय.

१४ फेब्रुवारी
आई वाशीमला दवाखान्यात. नळी लावलीय. फाईलला हात लावला नाही, तरी आई खालावतेच आहे.
दौलतरावांना सगळं सांगितलं. त्यांनी दुकानाचं शटर खाली ओढलं. पुसू नको म्हनलं होतं ना बाई तुले, एवढंच म्हणत राहिले. मग बोलले. आधीच्या पोरीनंही असंच पुसलं होतं. तिच्या बापाचं नाव यायला लागलं. तिनं मेलेल्यांची नावं टाकून पाहिली, एकही टिकलं नाही. शेवटी जित्या माणसाचं टाकलं. स्वतःचं. ते टिकलं, बाप वाचला.
तिचं नाव पौर्णिमा. वय २४.
मी तिला पुसलं.

१५ फेब्रुवारी, दुपार
उघडली. सगळं भरलंय, फक्त तारीख नाही. दौलतराव समोरच बसलेत. बोटं ‘दौ’ पर्यंत गेली — नाही. त्यांनी तर सांगितलं होतं.
आईचं नाव काढलं. माझं टाकलं. वय २२. सेव्ह.

दवाखान्यातून फोन. आई उठून बसली! चहा मागितला. सुकेशनी कुठंय म्हणून विचारत होती —

फाईल मी बंद केली होती. आपोआप उघडलीय. तारीख भरतेय. १५ —
वेळ पण. दुपारी ३ वाजून १२ —
माझ्या घड्याळात