फुकटच्या माउसचा बंदोबस्त

सोमवार, ३ मार्च
मेहुण्याने माउस आणून दिला. फुकट. शुक्रवारी मुलीचा ऑनलाइन इंटरव्ह्यू, जुना माउस अडकतो, म्हणून म्हणे. बहिणीच्या घरी हा माणूस आजवर हात हलवतच आलाय. कुठेतरी पाणी मुरतंय.

मंगळवार, ४ मार्च
वाचन केलं. हादरलो. कॉम्प्युटरच्या पोटात कर्नल नावाचा कारभारी असतो. काहीही जोडा, हा त्याला साजेसा ड्रायव्हर, म्हणजे ती वस्तू चालवणारा प्रोग्राम, शोधून जोडी लावून देतो. चौकशी शून्य. माउस म्हणाला 'मी कीबोर्ड', तरी याचा विश्वास. इतकं भोळं आमच्या घरात फक्त बायको.

बुधवार, ५ मार्च, दुपारी
कर्नलला वेसण घातली. आपणहून जोड्या लावायच्या नाहीत. मी कमांड टाइप करून परवानगी देईन, मगच ड्रायव्हर. मशीन सुरू होताच नियम लागू. मेहुण्याचा माउस जोडून पाहिला. हलला नाही. वा!
मुलगी म्हणाली, इतक्या महिन्यांनी कॉल आलाय, शुक्रवारपर्यंत कशाला हात लावू नका. ही पिढी गाफील आहे.

गुरुवार, ६ मार्च
मुलीने कॅमेरा, माइक जोडले. मी परवानगी दिली. परवानगी देताना माणसाला बरं वाटतं. उद्या मशीन ताजंतवानं असावं म्हणून संध्याकाळीच बंद करून ठेवलं.

शुक्रवार, ७ मार्च, सकाळी
मशीन पासवर्ड मागतंय. कीबोर्ड ढिम्म. घुसला कोणीतरी. मेहुणाच.

थोड्या वेळाने
कोणी घुसलेलं नाही. मशीन नव्याने सुरू झालं की कीबोर्डही नवखाच, म्हणून तोही माझ्या परवानगीसाठी थांबलाय. परवानगी कीबोर्डवरूनच द्यायची आहे. म्हणजे नियम चोख चालतोय, याची नोंद व्हावी.
मुलगी चिडली नाही. तिने मामाला फोन लावला. तो अनवाणी धावत स्वतःचा लॅपटॉप घेऊन आला. मला आतल्या खोलीत बसवलं आणि बाहेरून कडी लावली. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू.

शुक्रवार, १४ मार्च
नोकरी मिळाली! घरभर मेहुण्याचं कौतुक. नियम काढला, तोही त्यानेच.
इंटरव्ह्यूत विचारलं होतं म्हणे, एखाद्या अवघड माणसाशी कसं जुळवून घेतलंत, सांगा. मुलीने असं काही उदाहरण दिलं की समोरचे तिघंही पोट धरून हसले. जेवताना तिने तेच आम्हाला सांगितलं, फक्त माणूस कोण ते सोडून. माझ्या मते मेहुणाच.
पण मग सगळ्यांत जास्त तोच का हसत होता? पाणी मुरतंय.