चार डब्यांतला फितूर

२ जुलै, रविवार, संध्याकाळ

आज फितुरी उघडकीला आली.

नेमबाजीच्या रेंजवर दहा गोळ्या झाडल्या आणि टार्गेटवर दहा भोकं, कोंबड्यांना दाणे टाकावेत तशी. मी! बावीस वर्षं क्लबच्या चौघांच्या संघात असलेला माणूस! बावीस वर्षं सप्टेंबरात लेबर डेच्या सामन्यात शेजारच्या वुल्फ क्रॉसिंगवाल्यांकडून हरलो हे खरं, पण ते बाकीच्या तिघांमुळे.

घरी येताना पिकअप ट्रकमध्ये शांतपणे विचार केला. डोळे ठीक. हात ठीक. रायफल ठीक. काडतुसं मी स्वतः गॅरेजमध्ये भरतो, म्हणजे तिथे चूक शक्यच नाही. उरला एकच. प्रायमर. काडतुसाच्या बुडाशी बसते ती मसुरीच्या दाण्याएवढी टिकली. रायफलचा मार तिच्यावर बसतो, ती पेटते आणि आतली दारू पेटवते. अकरा वर्षं मी लाल डब्यातलेच प्रायमर वापरतोय. अकरा वर्षं डोळे मिटून विश्वास टाकला आणि याने केसाने गळा कापला.

संकल्प: चार कंपन्यांचे चार डबे. प्रत्येकाच्या पाच गोळ्या. बाकी काही म्हणजे काही बदलायचं नाही. संघाची निवड २० ऑगस्टला, पाच जणांतून चार. तोवर गुन्हेगार सापडलाच पाहिजे.

४ जुलै

गावात स्वातंत्र्यदिनाची मिरवणूक, मी गॅरेजमध्ये. लाल, निळा, हिरवा, पांढरा. चारही डबे ओळीने मांडले. फार छान दिसतात.

आर्लिस दारात येऊन म्हणाली की अख्खा गाव बँडमागे चाललाय आणि माझा नवरा टिकल्यांशी खेळतोय. बायकोला शास्त्र समजावण्यात अर्थ नाही. एकतीस वर्षांचा अनुभव.

हातासरशी दारूही जरा वेगळी घेतली. गोळ्याही नव्या कंपनीच्या. एवढ्याने काही बिघडत नाही.

९ जुलै, रविवार

पहाटे सहाला रेंजवर. वारा नाही. क्लेटन सोबत. हा आमचा कॅप्टन आणि माझा शाळेपासूनचा मित्र. माझ्या लग्नात अंगठी याच्याच खिशात होती.

निकाल:

लाल: तीन गोळ्या एकाला एक चिकटून. दोन लांब. पैकी एक घोडमाशीमुळे, एक क्लेटन खोकला म्हणून. त्या गणतीत नाहीत.

हिरवा: सगळ्याच लांब. हरामखोर.

पांढरा: बरा. मन लावत नाही.

निळा: अप्रतिम!! चार गोळ्या एका नाण्याखाली मावतील. पाचवी मी उडवतानाच म्हणालो होतो की ही जाणार. म्हणजे तीही गणतीत नाही.

क्लेटन म्हणाला, अरे मर्ल, कागदावर जे आहे ते मोज ना, मनात आहे ते कशाला मोजतोस? मी त्याला शांतपणे सांगितलं की शास्त्रात निवड करावी लागते. तो टोपी मागे सारून नुसता बघत राहिला. बिचाऱ्याला सगळं समजत नाही.

निळ्याचे हजार प्रायमर मागवले.

१६ जुलै, रविवार

निळ्याने दगा दिला.

पहिल्या भेटीत गोड बोलायचं आणि माल घरात आला की पाठीत सुरा! पाचच्या पाच गोळ्या खाली डावीकडे. तोच डबा, तीच रायफल, तोच मी. मग बदललं काय? निळ्याची नियत.

शेजारच्या बाकावर वर्डीन ऑप्साल. शाळेची बस चालवते, दोन वर्षांपूर्वी क्लबात आली. दुकानात जे दिसेल ते उचलते. काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यासुद्धा नीट पुसत नाही. तिला विचारलं, बाई, तुझा प्रायमर कुठला? म्हणाली, हो की, बघायला हवं एकदा. मला हसू आवरेना.

तिच्या पाचही गोळ्या जवळजवळ होत्या. नशीब.

२३ जुलै

पांढरा आज सोन्यासारखा वागला. (तीन गोळ्या. चौथी आणि पाचवी उडवली नाही, उगाच त्याचं मन कशाला मोडा.)

अंतिम निष्कर्ष: पांढरा. प्रश्न सुटला. रात्री आर्लिसने भाजलेल्या रुबार्ब पायचे, त्या आंबटगोड सारणाच्या पेस्ट्रीचे, दोन तुकडे खाल्ले. ती रायफलच्या धक्क्याने दुखणाऱ्या माझ्या खांद्याला मलम चोळता चोळता म्हणाली, हल्ली चाप ओढताना तू डोळे गच्च मिटतोस का रे? रेंजबाहेर उभी राहून हिला हे दिसतं कुठून? मी म्हणालो, तुझं शब्दकोडं सोडव.

३० जुलै, रविवार, सकाळी ९:२०, रेंजवर

पुरावा! पुरावा मिळाला!

आज क्लेटन म्हणाला, तू फक्त नेम धर, काडतुसं मी एकेक करून तुझ्या हातात देतो. सर्जनला देतात तशी. मनाला बरं वाटलं. तीन उडवली. चौथ्याला चाप ओढला, आणि नुसतं टक्! पांढऱ्याचा प्रायमर पेटलाच नाही! मी ओरडलो, बघा, बघा याची जात! काडतूस पेटलं नाही तर नळी समोर धरून तीस सेकंद थांबायचं असा नियम आहे. तेवढ्यात हे लिहून घेतो. एका हाताने लिहितोय म्हणून अक्षर वाकडं. सगळ्यांना धक्का बसलेला दिसतोय. वर्डीन स्वतःच्या बुटांकडे बघतेय.

९:२१

प्रायमर नाही. खोडरबर.

संध्याकाळी ५

लिहायचं नाही असं ठरवलं होतं. लिहितो.

रायफलचा बोल्ट मागे ओढला, काडतूस बाहेर आलं. बुडाशी टिकलीच्या जागी पेन्सिलीच्या टोकाचं गुलाबी खोडरबर खुपसलेलं. आत दारूचा कण नाही. क्लेटनने मुद्दाम पोकळ काडतूस दिलं होतं. म्हणाला, मर्ल, रागावू नकोस. आत काहीच नव्हतं, तरी तुझी नळी एवढी खाली गेली. आणि चार बोटं दाखवली. चार! सगळ्यांसमोर! म्हणाला, बार व्हायच्या आधीच तू दचकतोस आणि खाली दाबतोस. तुझे चारही डबे चांगले आहेत रे.

चाळीस वर्षांची मैत्री आणि असा सापळा.

त्याहून वाईट पुढे आहे. त्या खोडरबरावर दातांच्या खुणा होत्या. शब्दकोडं सोडवताना पेन्सिल चावायची सवय आमच्या घरात एकालाच आहे. घरी येऊन विचारलं. तिने लपवलंसुद्धा नाही. म्हणाली, हो, मीच दिलं, पुंगळीही तुझ्याच बाकावरची दिली. तुला तोंडाने सांगून कळलं असतं का?

घरभेदी. जेवलो नाही. (नंतर थोडं जेवलो.)

३ ऑगस्ट

क्लेटन घरी आला. मी बोललो नाही, तो बोलला. रिकामी रायफल घ्यायची, नळीवर दहा सेंटचं नाणं ठेवायचं, चाप ओढायचा. नाणं पडता कामा नये. रोज पन्नास वेळा. दारू नको, गोळी नको, प्रायमर तर नकोच. म्हणाला, एवढं कर, वीस तारखेला तुझी जागा तुझीच आहे. मला तू संघात हवा आहेस रे. आर्लिसने त्याला कॉफी दिली. माझ्या कपात.

ठीक आहे. करून दाखवतो. संकल्प: रोज पन्नास.

६ ऑगस्ट

तीस वेळा केलं. नाणं तीस वेळा पडलं.

दोष नाण्याचा आहे. दहा सेंटचं फार हलकं. फुंकरीने उडेल.

संकल्प: चार प्रकारची नाणी. प्रत्येकी पाच वेळा. बाकी काही बदलायचं नाही.

११ ऑगस्ट

एक सेंट: घसरडं. दहा सेंट: वर पाहा. पंचवीस सेंट: दिखाऊ, ऐन वेळी पाय काढतं. पाच सेंट: उत्तम! दोनदा राहिलं. बाकी तीन वेळा फ्रिज सुरू झाला, ते गणतीत नाहीत.

आर्लिस दारातून बघत होती. मला वाटतं रडत होती, किंवा हसत. विचारलं नाही.

१७ ऑगस्ट

पाच सेंटनेही दगा दिला. सराव बंद केला. जास्त सरावाने हात बिघडतो. निवडीसाठी परत लाल डबा. अकरा वर्षांचा जुना माणूस, चुकला असेल एकदा. मोठ्या मनाने माफ केलं.

२० ऑगस्ट, रविवार

पाचवा.

पाच जणांत पाचवा. वर्डीन तिसरी आली.

माझ्या तीन गोळ्या गणतीत धरल्या नाहीत तर मी दुसरा येतो. तसं क्लेटनला कागदावर करून दाखवलं. त्याने कागद पूर्ण वाचला, घडी करून परत माझ्या खिशात ठेवला. म्हणाला, मर्ल, मला माफ कर. आणि क्लबच्या फळीवर यादी लावायला गेला. खिळा ठोकताना दोनदा त्याचा हातोडा बोटावर बसला. तरी ठोकला.

चार नावं. माझं नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्या फळीवर माझं नाव नाही. फार वाईट वाटलं. कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो: पिकअपमध्ये बसून अर्धा तास चावी फिरवली नाही.

लाल डब्याला पुन्हा कधी माफी नाही.

२ सप्टेंबर

आर्लिस म्हणते, सोमवारी सामन्याला चल, नुसता बघायला तरी चल. मी म्हणालो, मला फितुरांच्या पंगतीत बसायचं नाही. म्हणाली, बरं, मग मी जाते, त्यांना रुबार्ब पाय कोण देणार? एकटी जाणार! माझ्या संघाला माझ्या घरचा रुबार्ब पाय!

हरतील. माझ्याशिवाय यांची काय बिशाद? हरले की क्लेटन येईल, दारात टोपी हातात घेऊन उभा राहील. काय बोलायचं ते ठरवून ठेवलंय. कडक, पण मोठ्या मनाने.

४ सप्टेंबर, लेबर डे, संध्याकाळी ६:४०

जिंकले.

क्लेटनचा फोन आला. वुल्फ क्रॉसिंगवाल्यांना अकरा गुणांनी हरवलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा. शेवटच्या पाच गोळ्या वर्डीनच्या, पाचही मधोमध. म्हणाला, सगळ्यात आधी तुलाच सांगावंसं वाटलं रे.

मी अभिनंदन म्हणालो. मग विचारलं, प्रायमर कुठला होता तिचा?

त्याने तिथूनच ओरडून विचारलं. मागे हशा पिकला. मग म्हणाला, तिला आठवत नाही म्हणते, दुकानात होता तो.

मग म्हणाला, मर्ल, शेगडीवर स्टेक टाकलेत, ये ना. आम्ही जेवायचे थांबलोय. मागून आर्लिसचा आवाज आला, म्हणावं आता पुरे झालं, ये लवकर.

मी म्हणालो, तुम्ही जेवून घ्या, मला काम आहे.

७:१५

काही काम नाही.