फॉरमॅट मारू नका

अहो,

श्रुतीला लस द्यायला बावड्याला नेतेय. कॉम्प्युटर फॉरमॅट करू नका, तिच्या बारशाचे फोटो त्यातच आहेत. दुपारी ती झोपल्यावर मी लिनक्सचं अपडेट परत लावलं. तीच एरर, अपडेटवरची डिजिटल सही खरी मानत नाही. मग कोपऱ्यातली तारीख बघितली, तर २००२! घड्याळ चालवणारा आतला सेल संपलाय. त्यामुळं आईंनी भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद केलं की घड्याळ मागं जातं आणि आजची सही त्याला पुढच्या तारखेची, म्हणून खोटी वाटते. तारीख बदलली, अपडेट झालं. उद्या येताना नवा सेल आणा.

काल सगळ्यांपुढं म्हणालात, "हिनंच काहीतरी दाबलं असणार." ते सगळ्यांपुढंच मागं घ्या की. फक्त बटणाचं काढू नका, आई मनाला लावून घेतील.

राजनंदिनी