लेथखालचा केर

अहो,

मी कीर्तनाला जाते आहे. चहा थर्मासमध्ये आहे.

तोंडावर विचारलं तर थट्टेवारी न्याल, म्हणून लिहिते. मोटरसायकलच्या इंजिनासाठी लेथवर कातताय ते पितळी बुशचं कडं मापात येत नाही, असं महिनाभर सांगताय. रोज संध्याकाळी दोन तास लेथ मशीन चालतं, ते मला स्वयंपाकघरात ऐकू येतं. पण त्याखालचा केर मीच काढते ना. पंधरा दिवसांत पितळेचा ताजा कीस चिमूटभरसुद्धा पडलेला नाही. आधी वाटलं, दार लावून कुणाशी फोनवर बोलता की काय. देव क्षमा करो, दाराला कानही लावला. नुसती मोटर घरघरत होती. मग तुमची मापांची वही उघडली. शेवटच्या पानावरचे आकडे इतके वेडेवाकडे आहेत, की दुसऱ्याच कुणी लिहिले असं वाटावं.

हात थरथरतो ना तुमचा? कधीपासून?

डॉक्टरांची साडेपाचची वेळ घेतली आहे. बुवांचा उत्तररंग सोडून मी पाचला उठेन, तुम्ही कपडे बदलून तयार राहा. त्यांना तरी खरं सांगा. माझ्यापासून का लपवलंत, याचं भांडण घरी आल्यावर.